शकूकाकूंची सोबत

मी बडोद्याला निघाले तेव्हा कराडच्या एसटी स्टँडवर आईने माझ्याबरोबर शेजारच्या शकूकाकूंनाही गाडीत चढवलं. मी तेवीस वर्षांची, समाजकार्याची पदवी घेतलेली, पर्समध्ये नोकरीचं पत्र; आणि शेजारी मांडीवर लाडवांचा डबा घेऊन काकू. "एकटीला नाही पाठवायची," एवढंच आईचं म्हणणं. काकूंनी मला अलकापुरीतल्या संस्थेच्या दारापर्यंत पोहोचवलं, आत डोकावून माणसं कशी आहेत ते पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी परत गेल्या. मला इतकी लाज वाटत होती की मी त्यांना धड निरोपही दिला नाही.

तिकडे कराडला राहिलेल्यांनो, तेव्हाचं बडोदं काय जोरात होतं म्हणून सांगू. कोयलीच्या रिफायनरीत नोकरीला येणारी माणसं, अलकापुरीत रोज नवं दुकान, कोपऱ्याकोपऱ्यावर एसटीडी बूथ. महिनाभरात मी उठताबसता 'चालेल'ऐवजी 'चालशे' म्हणायला लागले. काम मात्र जड होतं. बलात्कार सोसलेल्या बायका आमच्याकडे यायच्या. वकील आमच्या ऑफिसात, मानसोपचाराचे डॉक्टर दवाखान्यात, राहण्याची सोय तिसरीकडेच. मी छान अक्षरात चिठ्ठी लिहून त्यांना पुढच्या ठिकाणी पाठवायची. त्या चिठ्ठ्यांचा मला फार तोरा होता.

बडोद्याजवळच्या डभोईची एक मुलगी होती, एकोणीस वर्षांची. तिचं नाव लिहीत नाही. तिला झोप नव्हती, घास गिळवत नव्हता, जगून काय करू असं ती दोनदा बोलली होती. तिला डॉक्टरांसाठी चिठ्ठी दिली आणि तीन आठवड्यांनी कळलं की ती तिथे पोहोचलीच नाही. ती घरी साड्यांना फॉल लावायची, म्हणून गिऱ्हाईक होऊन, एक साडी घेऊन मी डभोईची बस धरली. तिने डब्यातून माझी चिठ्ठी काढली, घडीसुद्धा न मोडलेली.

"गई हती, बेन," ती म्हणाली. "बारी पर बधानी सामे पूछ्युं, शुं थयुं छे."

केसपेपरच्या खिडकीवर, रांगेतल्या सगळ्यांसमोर काय झालंय ते विचारलं, आणि ती तिथूनच परत फिरली होती. येताना बसमध्ये मला शकूकाकू आठवल्या. आईने काकूंच्या जागी चिठ्ठी दिली असती तर मी तरी बडोद्याला पोहोचले असते का?

आमच्या प्रमुख विभाताई बडोद्यातच वाढलेल्या, उत्साहात आल्या की मराठीतून गुजरातीत जायच्या. माझं ऐकून म्हणाल्या, "चिठ्ठी बंध. आता माणूस जाईल. चाल, डॉक्टरांकडे जाऊया." डॉक्टरांनी गुरुवारची दुपार दिली. केसपेपर आम्ही आधीच काढून ठेवणार, खिडकी टळणार. बाईने एकदा सांगितलेलं, तिची हरकत नसेल तर, लिहून ठेवायचं, म्हणजे डॉक्टर आणि वकील पुन्हा तेच विचारणार नाहीत. एका दुपारीत एवढं ठरलं. मी जिने दोन-दोन पायऱ्यांनी उतरले.

मग आमचे गुरुवार सुरू झाले. मी डेपोवर जायची, ती बसमधून उतरायची, दोघी चालत दवाखान्यात. कित्येक गुरुवार ती खाली बघून चालली. मग एकदा तिने रस्त्यातल्या दुकानातल्या साडीचा रंग कसा भडक आहे ते सांगितलं, आणि मला आभाळ ठेंगणं झालं.

एका गुरुवारी ती दवाखान्याच्या फाटकाशी थांबली. "आजे हुं एकली जईश. तमे अहीं ज ऊभा रहो."

ती एकटीच आत गेली, मी तिथेच उभी राहिले. तासभर फाटकाकडे डोळे लावून. नोकरीच्या पहिल्या दिवशीही मी एवढी अधीर नव्हते.

ती आली, हातात औषधाची पुडी. माझ्याकडे बघून म्हणाली, "बहु वार थई ने, बेन? तमे जम्या?"

जिला घास गिळवत नव्हता, ती फार उशीर झाला म्हणून मला जेवलात का विचारत होती. कराडचं घर आहेच, आई आहे. पण त्या दुपारी, त्या फाटकाशी, बडोदं माझं घर झालं. काकू, तेव्हा निरोप द्यायचा राहिला होता, तो आता देते.