मासळीघराचं नवं कुलूप

नागभीडजवळच्या आमच्या मच्छीमार सोसायटीत रंजीता कॉम्प्युटर सांभाळते. अंगानं काडी, पण एखाद्या बिघाडाच्या मागे लागली की तिला जेवणाची शुद्ध राहत नाही. मासळीच्या थंड खोलीत, म्हणजे आमच्या मासळीघरात, तिनंच तापमान मोजणारं यंत्र बसवलं. खोली गरम झाली की देखरेखीचं सॉफ्टवेअर सोसायटीच्या ऑनलाइन ऑफिसच्या मेल खात्यातून आम्हा सगळ्यांच्या मोबाइलवर मेल धाडतं. त्याआधी हा पहारा वच्छलाबाईंचा होता; चपला घालून मासळीघरात त्या कुणाला शिरू देत नाहीत. बारा वर्षांत बाई एक दिवस कुठे मुक्कामाला गेल्या नाहीत. आता बल्लारपूरला नातीचं बारसं होतं आणि त्या जाणार होत्या.

निघायच्या आदल्या सकाळी रंजीतानं चाचणी घेतली, तर मेल आलाच नाही. नवे सचिव गुणवंतराव म्हणाले, यंत्राचा भरवसा नाही, बाईंनी थांबावं. बाईंनी भरलेली पिशवी खुंटीला अडकवली. मला गुणवंतरावांचा असा राग आला म्हणून सांगू.

रंजीता कामाला लागली. यंत्र ठीक, नेट ठीक, सॉफ्टवेअरही तापमान बरोबर दाखवत होतं. फक्त ऑनलाइन ऑफिस त्याला आत घेत नव्हतं. तिनं जुन्या नोंदी काढल्या. शेवटचा मेल गेला होता गुणवंतराव सचिव झाले त्या दिवशी. ती कपाळावर हात मारून हसतच सुटली.

आमच्याकडे सचिव बदलला की मासळीघराचं कुलूप बदलतात आणि जुनी किल्ली तलावात टाकतात. रीत म्हणजे रीत. त्याच भरात रंजीतानं ऑफिसचा पासवर्डही बदलला होता आणि सॉफ्टवेअरला सांगायचं विसरली होती. बिचारं आठवडाभर जुनी किल्ली घेऊन दारात उभं होतं. तिनं नवा पासवर्ड दिला, पुन्हा चाचणी घेतली आणि सगळ्यांचे मोबाइल एकदम वाजले.

"बाई, पिशवी काढा आता," ती म्हणाली. "मी आहो ना इथी."

दुसऱ्या दिवशी गाडीनं सिंदेवाही सोडलं नाही तोच बाईंचा मोबाइल वाजला. पाच मिनिटांत खोली गरम. एवढ्या झपाट्यानं ती कशानं तापते, हे बाईंना बारा वर्षांत पाठ झालेलं, आणि नव्या कुलपाची किल्ली सचिवांकडे. त्यांनी सरळ गुणवंतरावांना फोन लावला.

"भाऊ, दार उघडं टाकून कुठी गेले जी? पयले लावून या."

गुणवंतराव पानठेल्यावर होते. तोंडातलं पान तिथंच थुंकून ते धावत सुटले. तेव्हापासून ते यंत्राला नावं ठेवत नाहीत. आणि बाई गावात नसल्या तरी मासळीघरात शिरताना चपला बाहेर काढतात.