एक मीटर चोवीस

माझ्या दादाला या गावात कुणी नावाने हाक मारत नाही. सगळे फक्कीमामा म्हणतात. प्राचार्यसुद्धा म्हणतात, आणि एकदा तर कार्यालयातून आलेल्या पत्रावरही तेच लिहिलेलं होतं. कॉलेजच्या मैदानाची निगा राखायची आणि पांढऱ्या फक्कीने ते आखायचं, हे त्याचं काम. एकतीस वर्षं झाली. मी त्याच कॉलेजच्या ग्रंथालयात असते, त्याच्याहून नऊ वर्षांनी लहान आहे, आणि त्याच्याबद्दल बढाई मारायची एकही संधी सोडत नाही. तो स्वतः मारत नाही. मग कुणीतरी मारायला नको?

आमच्या गावात पाहण्यासारखं काय आहे असं कुणी विचारलं तर मी सरळ मैदानाकडे बोट दाखवते. पहाटे तिथे निवृत्त प्राध्यापकांची फेरी असते. त्यातले गणिताचे सर गुडघ्यांसाठी उलटे चालतात आणि रोज कुणाच्या तरी अंगावर जाऊन आदळतात. दुपारी झाडांखाली पोरं पुस्तक तोंडावर घेऊन अभ्यास करतात, म्हणजे घोरतात. माझ्या ग्रंथालयातली निम्मी पुस्तकं गवताचे डाग घेऊन परत येतात, आणि दंड मागितला की पोरं म्हणतात, "ताई, फक्कीमामांना विचारा, आम्ही वाचतच होतो." दादा त्यांच्या बाजूने खोटी साक्ष देतो.

मैदान आखायच्या बाबतीत मात्र तो नाकावर माशी बसू देत नाही. धावायची वाट म्हणजे दोन सरळ बाजू आणि दोन वळणं. प्रत्येक वळणाच्या मध्यभागी एक लोखंडी खुंटी असते. खुंटीत अडतीस मीटरच्या पोलादी तारेची कडी अडकवायची, तार ताठ धरून अर्ध्या गोलात चालायचं आणि तारेचं टोक जाईल तिथे फक्की सोडायची. दोरी त्याला चालत नाही. म्हणतो, दोरी ताणली की वाढते आणि दंवात भिजली की आखडते. आणि हे सगळं ऊन यायच्या आत, कारण उन्हात तारसुद्धा वाढते. "दादा, केसाएवढी वाढत असेल," मी म्हणायचे. तो म्हणायचा, "केसाएवढी तारेत. जमिनीवर बोटभर होते." मला ते कधी पटलं नाही. पण त्याच्याशी वाद घालणं आणि भिंतीशी बोलणं यात भिंत बरी, ती निदान आपल्याकडे बघून हसत नाही.

तर यंदा आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा आमच्याकडे होत्या. चारशे मीटरच्या अंतिम फेरीत पोस्टमनची धाकटी पहिल्या लेनमध्ये होती. ही पोरगी दोन वर्षं पहाटे एकटी येऊन पळायची, आणि दादा खुंट्या ठोकता ठोकता तिला ओरडायचा, "खांदे सोड! खांद्याने पळतेस का?" त्या दिवशी ती अशी सुटली की वळणावरच बाकीच्या मागे पडल्या. एकोणीस वर्षांचा विक्रम तिने दीड सेकंदाने मोडला. मुलींच्या वसतिगृहाने मैदान डोक्यावर घेतलं. पोस्टमन सायकल टाकून धावत आला आणि लेकीला मिठी मारायची सोडून तिच्याशी हात मिळवून मोकळा झाला. माणसाला आनंदात सुचत नाही.

मुख्य पंच बाहेरून आलेले होते. तरुण, कडक इस्त्री, गळ्यात दोन घड्याळं. सगळं आयुष्य मोठ्या शहरांतल्या तयार रबरी ट्रॅकवर गेलेलं. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, गवताकडे पाहिलं आणि म्हणाले, "या मैदानावर ही वेळ शक्य नाही. ट्रॅक मोजावा लागेल."

पोलादी टेप आली. चार माणसं वाकून वाकून, पांढऱ्या रेषेवर टेप ठेवत पूर्ण फेरी मोजत गेली. दादा एका बाजूला उभा होता, हात मागे बांधून. माझा मात्र जीव टांगणीला लागला होता. ट्रॅक कमी निघाला तर पोरीचा विक्रम पुसला जाणार, आणि एकतीस वर्षं ज्याच्या रेषेवर गावाने डोळे मिटून विश्वास ठेवला त्या माझ्या भावाने सगळ्यांना फसवलं असं होणार. पोरगी गवतावर बसून बुटाची नाडी सोडत होती आणि पुन्हा बांधत होती.

पंच आले. "एक मीटर चोवीस सेंटिमीटर कमी आहे," ते प्राचार्यांना म्हणाले. "विक्रम धरता येणार नाही. खरं तर इथल्या कुठल्याच वेळेला अर्थ नाही."

प्राचार्यांच्या तोंडचं पाणी पळालं. पोरीने नाडी सोडली ती तशीच हातात राहिली. माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला की मी पंचांना ऐकवायला पुढे झालेच होते, तेवढ्यात दादा माझ्या आधी पोहोचला.

"साहेब, किती कमी म्हणालात?"

"एक मीटर चोवीस."

दादाचा चेहरा खुलला. चक्क खुलला. "मग बरोबर आहे," तो म्हणाला. "तेवढंच कमी यायला हवं."

मला वाटलं, संपलं. धक्का डोक्यात गेला. पंचांनाही तेच वाटलं असावं, कारण ते फार हळू आवाजात म्हणाले, "मामा, तुम्ही जरा बसता का?"

"बसतो की, पण आधी एक सांगा," दादा म्हणाला. "तुम्ही रेषेवर मोजलंत. रेषेवरून पळतं का कुणी? रेषेवर पाय पडला तर तुम्हीच बाद करता. पळणाऱ्याचा पाय रेषेच्या बाहेर पडतो. म्हणून रेषेपासून वीस सेंटिमीटर सोडून मोजायचं. वळणावर तेवढं बाहेर सरकलं की अख्ख्या फेरीत सव्वा मीटरचा फरक पडतो. तुमच्या पुस्तकात असेल बघा."

पंचांनी पिशवीतून नियमांचं पुस्तक काढलं. पानं उलटली. एका पानावर थांबले आणि त्यांचे कान हळूहळू लाल होत गेले. माणूस मात्र सरळ होता. पुस्तक मिटून म्हणाले, "चुकलो. तयार ट्रॅक कधी मोजायलाच लागला नव्हता. चला, पुन्हा मोजू."

"मोजा ना," दादा म्हणाला. "मोजण्यासाठीच तर आखलाय."

मग त्याने दर दोन पावलांवर, रेषेपासून वीस सेंटिमीटर सोडून खिळे ठोकले आणि टेप त्या खिळ्यांच्या कडेने फिरली. पाऊण तास लागला. कुणी घरी गेलं नाही. गणिताचे सर टेपच्या मागे मागे चालत होते, आयुष्यात पहिल्यांदा सरळ. शेवटच्या खिळ्यापाशी पंच गुडघ्यावर बसले, आकडा वाचला, पुन्हा वाचला आणि कर्ण्यावरून मोठ्याने सांगितला.

"चारशे मीटर, दोन सेंटिमीटर. विक्रम कायम!"

गोंगाट असा उठला की झाडावरचे पक्षी उडाले. पोस्टमनने या वेळी लेकीला नीट मिठी मारली. पंच दादाजवळ आले. "मामा, एवढं अचूक आखणाऱ्याला ते दोन सेंटिमीटर काढता आले नसते का?"

"आले असते. तार तीन मिलिमीटरने आखूड घेतली की बरोब्बर चारशे," दादा म्हणाला. "मुद्दाम ठेवतो. कणभर जास्त चालतं, कमी चालत नाही. आमच्या लहान गावच्या पोरी. त्या जिंकल्या की कुणीतरी टेप घेऊन येणारच. मोजणाऱ्याचा हात जरा इकडेतिकडे झाला तरी त्यांचं अंतर कमी भरता कामा नये."

पोस्टमनची धाकटी मागे उभी राहून ऐकत होती. "मामा," ती म्हणाली, "म्हणजे मी दोन वर्षं रोज सगळ्यांपेक्षा जास्त पळत होते?"

"रोज," दादा म्हणाला. "आणि तुझ्या आधीच्यासुद्धा."

तिच्या आधीच्या पोरी मला सगळ्या आठवतात. कितीतरी जणी दुसऱ्या गावी जाऊन हरल्या होत्या आणि ग्रंथालयात येऊन, मान खाली घालून, पुस्तकं परत करून गेल्या होत्या. या माणसाने त्यांच्यातल्या एकीलाही कधी कमी पळू दिलं नव्हतं, आणि एकीलाही ते सांगितलं नव्हतं. मी मैदानाच्या मधोमध उभी राहून, प्राचार्यांच्या देखत, हमसून हमसून रडले, आणि शेजारी कोण उभं आहे ते न बघताच त्याला सांगितलं, "हा माझा सख्खा भाऊ आहे."