रखमाबाईच्या झोपडीत ठेवलेलं प्रस्थान

रखमाबाई. विधवा, साठीच्या पुढची, मेंढरं राखून पोट भरणारी. अठ्ठेचाळीस सालच्या ज्येष्ठी अमावास्येला, मंगळवारी, सकाळी सहा वाजून वीस मिनिटांनी तिला तिच्याच दारात गोळी घातली. वेळ मिनिटासकट सांगतो, कारण आवाज आला तेव्हा मी मनगटावरचं घड्याळ पाहिलं. फौजेची सवय.

मी पलटणीत साडेतीन वर्षं होतो. नाईक म्हणून सुटलो. जिंतूरच्या वाटेवरच्या आमच्या गावी आलो तेव्हा निजामाच्या राज्यात सभेला बंदी होती, झेंड्याला बंदी होती. मी पत्रकं वाटली. माझ्यावर वॉरंट निघालं. वऱ्हाडच्या हद्दीपलीकडं आमच्या लोकांचा कँप होता. तिथून निरोप आला, पाच माणसं तयार कर आणि घेऊन ये.

मळ्यातल्या खळ्यावर मी पाच जणांना कवायत शिकवली. हुकूम इंग्रजीत. उर्दू ठाण्यात चाले, मराठी सगळ्यांना कळे. इंग्रजी हुकूम खबऱ्यानं ऐकला तरी त्याला काही उमगणार नव्हतं. 'फॉल इन' म्हणजे रांगेत उभं राहणं. 'सेट आउट' म्हणजे मुक्काम ठरवून लांबच्या वाटेला लागणं. 'पुल आउट' म्हणजे जागा धोक्यात आली म्हणून ती सोडणं. 'मूव्ह ऑफ' म्हणजे कानावर पडताच पाऊल उचलणं, मागं न बघता.

महादू आमच्यात वयानं मोठा, दोन एकरांचा धनी. तो म्हणाला, "नाईकसाब, इंग्रजाला निस्तं निघायला इतके शबुद लागतेत? आमी एक 'येतो' म्हणतो आन सुटतो."

"म्हणून तू अजून खळ्यावरच हायस," मी म्हणालो. तोच सगळ्यांत मोठ्यानं हसला.

मंगळवारी सकाळी सहाला निघायचं ठरलं.

"मंगळवारी अवस हाय," महादू म्हणाला.

"मग?"

"अवसेला घर सोडत न्हाईत. सोमवारीच पस्तान ठेवावं लागतंय."

आमच्याकडं प्रस्थान ठेवायची ही रीत आहे. निघायच्या दिवशी मुहूर्त नसला, तर आदल्या चांगल्या दिवशी माणसाचं एक वस्त्र, सुपारी, हळकुंड असं गाठोडं बांधतात. ज्या दिशेला जायचं, त्या दिशेच्या एखाद्या घरी ते ठेवतात. गाठोडं उंबऱ्याबाहेर पडलं की माणूस निघाला असं धरायचं. दुसऱ्या दिवशी जाता जाता ते उचलायचं.

मी भडकलो. "सासरवाडीला जायलाव का आपण?"

"घरच्या बायका सोडायच्या न्हाईत, नाईकसाब."

मी परवानगी दिली. एवढंच नाही. माझ्या आईनं माझा खाकी शर्ट गाठोड्यात घातला, तो मी पाहिला आणि तसाच राहू दिला. तिला काय सांगणार? पण पलटणीतला माणूस वर्दी अशी मागं टाकत नाही. मला हे शिकवलेलं होतं.

उत्तरेला शेवटची झोपडी रखमाबाईची, सडकेला लागून. सोमवारी सकाळी मी आणि महादूनं सहा गाठोडी तिच्याकडं नेली. तिनं ती उतरंडीपाशी रचली.

"का रे नाईक, बंदूक कुटं हाय तुझी?"

"मिळंल, माय. कँपात."

"तवर माझी काठी ने." मग म्हणाली, "तुमी उचलूस्तर हे माझ्या जिम्म्यात. बिनघोर ऱ्हावा."

मंगळवार. पावणेसहाला ओढ्यात फॉल इन. पाच हजर, सहावा सडकेवर पहाऱ्याला. सहाला तो पळत आला.

"अमीन यायलाय. संगं बंदूकवाले."

अमीन म्हणजे ठाण्याचा अंमलदार. मी हुकूम दिला, "पुल आउट. ओढ्यानं."

"पस्तान ऱ्हायलंय," महादू म्हणाला.

"राहू दे."

"त्यात तुमचा शर्ट हाय."

"मूव्ह ऑफ."

सहा वीसला गोळीचा आवाज आला. एकच. महादू थांबला. "वापस जाऊ."

"मूव्ह ऑफ."

सगळे चालू लागले. कुणी मागं पाहिलं नाही. मीच शिकवलं होतं.

पुढचं मला भाद्रपदात कळलं. निजामाचं राज्य पडलं आणि आम्ही गावी आलो. शेजारच्या झोपडीतल्या ठकूबाईनं सांगितलं. सडकेवर माणसं दिसताच ती रखमाबाईकडं गेली होती.

"म्या म्हनलं, माय, हे गाठोडे वड्यात फेक. तर म्हनली, पस्तान फेकलं तर लेकरं वापस येत न्हाईत. आन दारात बसली."

अमीनानं तिला बाजूला सारून गाठोडी सोडली. खाकी शर्ट झटकला.

"कुणाचा?"

"माझ्या घरात हाय, म्हंजी माझा."

"कुठं गेले ते?"

"अजून कुटं गेले? पस्तान तर हितंच हाय."

ओढ्यापासून झोपडी तीनशे पावलं. 'जाळ सगळं' एवढं सांगायला एक माणूस पाठवता आला असता. मी पाठवला नाही. आम्ही तिला पहारेकरी केलं, पण ना हत्यार दिलं, ना इशारा दिला. आम्ही सहाच्या सहा धडधाकट परत आलो. कँपात सहापैकी एकालाही खरचटलं नाही. महादू आता माझ्याशी बोलत नाही. अमीन कुठं आहे, कुणाला ठाऊक नाही, आणि कुणी विचारतही नाही. अमीनानं पेटवलेल्या झोपडीच्या जागी नुसती राख होती, तीही पावसानं नेली.

आता चावडीपुढं दगड उभा राहतोय. वर लिहायचं आहे, 'मोहिमेवर निघालेल्यांची नावे'. खाली आम्हा सहा जणांची नावं, सगळे जिवंत. मी सातवं नाव सांगितलं. पंच म्हणाले, "ती कुटं निघाली होती? ती तर घरीच होती." मी भांडलो, तर मला हाकललं. मग पत्रक काढलं. लोकांनी वाचलं आणि घडी करून कोपरीत घातलं.

आमची मोहीम तिच्या उतरंडीपासून निघाली. हे गावाचंच शास्त्र, गावालाच सांगावं लागतंय.

पाथरवट गुरुवारी येणार आहे. मी एकटा गेलो तर मला पुन्हा हाकलतील. तुम्ही हे वाचलंत. आता हेही घडी करून ठेवू नका. गुरुवारी चावडीवर या, दगडापुढं उभे राहा, आणि यादीतलं माझं नाव खोडून तिथं रखमाबाईचं कोरल्याशिवाय त्या पाथरवटाला जाऊ देऊ नका.