उसनं हेल्मेट

‘हेल्मेट नाही, तर पेट्रोल नाही’ असा नियम निघाला आणि आम्हा नाशिककरांना त्यावर लगेच उतारा सापडला. पंपावर शेजाऱ्याचं हेल्मेट घालायचं, पेट्रोल भरायचं आणि परत करायचं!

आमच्या पंपावर साडीवर खाकी शर्ट घालणाऱ्या एक ताई होत्या. नाव मी कधी विचारलं नाही. त्या आधी गिऱ्हाइकाच्या डोक्याकडे बघत, मग टाकीकडे, आणि मान किंचित तिरकी करून म्हणत, “झिरो बघा दादा.”

एका सकाळी माझ्यापुढचा मोटरसायकलवाला काकुळतीला आला. “काका, ओझरला कारखान्यात ड्युटी हाय. आज उशीर झाला तर घरी बसवतील. हेल्मेट द्या ना दोन मिनिटं!”

मी दानशूर कर्णाच्या थाटात हेल्मेट उतरवून दिलं. ताईंनी त्याची टाकी भरली. तो हेल्मेट काढणार, तोच त्या शांतपणे म्हणाल्या, “राहू दे डोक्यावर. हायवेनं जायचंय ना? संध्याकाळी इथं आणून ठेव.”

गडी भुर्रकन निघून गेला. ताई माझ्याकडे वळल्या.

“हेल्मेट?”

“अहो, तुमच्यासमोरच तर दिलं!”

“लय चांगलं केलं. पण नियम डोक्यासाठी हाय दादा, पंपासाठी नाय. आता मागा कुणाकडं तरी.”

मी मोठ्या आशेने मागे वळलो. नियम करणाऱ्यांनी ते दृश्य पाहायलाच हवं होतं. रांगेतल्या प्रत्येकाने आपलं हेल्मेट डोक्यावर दोन्ही हातांनी घट्ट दाबून धरलं होतं.