गावाने वाटून घेतलेले पॅराशूट

इंग्लंडातल्या केंटमधल्या हॅडलबर्न गावात विल्फ्रेड गोल्डपने तीस वर्षं गॅसचे मीटर वाचले. मीटर जिन्याखाली असतात, आणि टाकवत नाही असं सगळं माणसं जिन्याखालीच कोंबतात. दुसऱ्या महायुद्धात पॅराशूटने उतरलेल्या जर्मन वैमानिकांच्या सामानाचा नाद त्याला लागला तो तिथे वाकता वाकता. एकोणऐंशी साली निवृत्त झाला तेव्हा त्याच्या शेडमध्ये पॅराशूटच्या पट्ट्यांचे चार संच, पाठीवर बांधायची एक पिशवी, बुडाखाली घ्यायची एक आणि ओढायच्या दोन मुठी होत्या. नुसती बकलं चाचपून पॅराशूट जर्मन की आपलं, हे तो डोळे मिटून सांगे. नव्हतं ते फक्त कापड. रुमालाएवढंसुद्धा नाही.

त्याला कारण होतं. चाळीसच्या उन्हाळ्यात आकाशातून जर्मन उतरला की होमगार्डचे म्हातारे बंदुका शोधायला लागत, आणि तोवर गावातल्या बायका कात्र्या घेऊन पोचलेल्या असत. रेशीम तेव्हा औषधालाही मिळत नव्हतं. विल्फ्रेड त्या वेळी फौजेत, दूर कुठेतरी बटाटे सोलत होता.

शेवटी त्याने गावातल्या दुकानवजा पोस्टाच्या खिडकीत चिठ्ठी लावली : ‘जर्मन पॅराशूटचे शिवलेले कपडे हवेत. कसेही असोत. आतले चालतील.’

“आता मी ब्रेड आणायला कुठल्या गावाला जाऊ, तेवढं सांग,” त्याची बायको नोरा म्हणाली.

पण दुसऱ्याच दिवशी दारात बायकांची रांग लागली. विल्फ्रेड स्वयंपाकघरातल्या टेबलाशी भिंग, बशी आणि काडेपेटी घेऊन बसला. कापडाचा एक धागा ओढायचा आणि पेटवायचा. जळक्या केसांचा वास येऊन राख झाली, तर रेशीम. वितळून गोळी झाली, तर नायलॉन. म्हणजे लढाई संपल्यावर दुकानात विकलेला आपलाच उरलासुरला माल. बाप्तिस्म्याचा एक झगा, दोन अभ्रे आणि पाद्रीबाबांच्या बायकोचा गाऊन खरे निघाले. बाकी सगळ्या गोळ्या.

चौथ्या दिवशी मिस टिकनर आल्या. वय एकोणऐंशी. अर्ध्या गावाला पाढे त्यांनीच शिकवलेले. त्यांनी पर्समधून गुडघ्यापर्यंतची एक चड्डी काढून टेबलावर नीट पसरली. मागच्या बाजूला, ऐन मध्यावर, गरुडाचा शिक्का आणि खाली क्रमांक.

विल्फ्रेडने भिंग शिक्क्यावर धरलं. “बाई, हे तुम्ही कुठून कापलंत?”

“माझ्या घेवड्यात पडला होता तो. पोरगाच होता, सोनेरी केसांचा. मी म्हटलं, उभा काय राहिलास, ते टोक धर. त्याने धरलं म्हणून तर कात्री सरळ चालली.”

“जर्मन वैमानिकाने कापड धरलं?”

“ताणूनसुद्धा धरलं. तुझ्यापेक्षा समजूतदार होता, विल्फ्रेड. आणि हे बघ, उसवायची नाही. थंडीच्या आत परत हवी.”

बाकीच्या खऱ्या कपड्यांवरही शिवणीत दडलेले अर्धेमुर्धे आकडे सापडले, आणि ते त्याच क्रमांकाचे निघाले. म्हणजे अख्खं गाव एकच पॅराशूट नेसत होतं. ते पुन्हा जोडून ऑगस्टच्या प्रदर्शनात टांगायचं विल्फ्रेडने ठरवलं.

मग ग्लॅडिस ॲप्स आली. तिचा लग्नाचा झगा गावात प्रसिद्ध होता. आपण पिकाव उगारून जर्मन पकडला आणि त्याच्याच पॅराशूटमधून झगा शिवला, ही हकिगत ती चौतीस वर्षं दर लग्नात सांगत आली होती. विल्फ्रेडने धागा पेटवला. बशीत चकचकीत गोळी टपकली.

“काय निघालं?” ग्लॅडिसने विचारलं.

विल्फ्रेडने नोराकडे पाहिलं. नोरा अशी काही बघत होती की तो आयुष्यात पहिल्यांदा कापडाबद्दल खोटं बोलला. “तपास चालू आहे.”

“तपास कसला त्यात? मध्ये लाव. माझा मध्ये लाव.”

ऑगस्टच्या फुलांच्या प्रदर्शनात पॅराशूट सभागृहाच्या छताला टांगलं. सगळे कपडे जोडूनही ते निम्मंसुद्धा भरलं नाही. एका बाजूला अभ्रे, दुसरीकडे बाप्तिस्म्याचा झगा आणि गाऊन, मधोमध ग्लॅडिसचं लग्न, आणि खालून मिस टिकनरांच्या चड्डीचे दोन पाय लोंबत होते. लंडनहून संग्रहालयाचे एक जाणकार गृहस्थ आले होते. ते शिडीवर चढून क्रमांक बघत, मान डोलवत मध्यापर्यंत आले आणि थांबले.

“गोल्डपसाहेब, हे नायलॉन दिसतंय. इंग्लिश.”

खाली ग्लॅडिस चहाचा कप घेऊन उभी होती. विल्फ्रेडने घसा साफ केला. “दुरुस्ती आहे ती.”

“जर्मन पॅराशूटला इंग्लिश नायलॉनची दुरुस्ती?”

“फार फाटलं होतं,” विल्फ्रेड म्हणाला.

गृहस्थांनी एकदा झग्याकडे, एकदा ग्लॅडिसकडे पाहिलं आणि वहीत ‘दुरुस्ती’ असं लिहून घेतलं. पुढे त्यांनी ते पॅराशूट संग्रहालयासाठी मागितलं, पण एकही बाई आपला तुकडा सोडेना. सप्टेंबरात विल्फ्रेडने कपड्यांमधले जोड उसवले, सगळं इस्त्री केलं आणि जुन्या मीटरच्या फेरीनेच घरोघर पोचवलं. मिस टिकनरांनी चड्डी उजेडात धरून तपासली.

“इस्त्री बरी करतोस,” त्या म्हणाल्या. “फौजेत शिकलास वाटतं.”

“नाही बाई. तिथे बटाटेच होते.”