दाणा नसलेली माता

सालेकशाच्या जंगलालगतच्या त्या गावात कुणाला ताप येऊन अंगावर काही उठलं, की पहिला निरोप मुन्नीबाईला जायचा. कांजण्या असोत, गोवर असो, गावाच्या लेखी ती माता. आणि माता घरात आली की तिची सरबराई काही सोपी नाही. फोडणी बंद, दाराला कडुनिंबाची डहाळी, आजाऱ्याला पाणी लावायचं नाही, औषध द्यायचं नाही, जागचं हलवायचं नाही. घरचे लोक दुसऱ्याच दिवशी कंटाळतात, चोरून लसणाची फोडणी देतात. तेव्हा उशाशी बसून हे सगळं पाळून घेणारं कुणीतरी लागतं. मुन्नीबाईला नाही म्हणता येत नव्हतं आणि गावाला विचारायची लाज नव्हती, त्यामुळे हे काम तिच्याच गळ्यात पडलं.

घरचं धान, गुरं, चूल सांभाळून ती दुसऱ्याच्या घरी जागत बसे. भिंतीला पाठ टेकून, डोळे मिटून, हाताने निंबाची डहाळी हलवत. माता गेली की लोक तिच्यापुढे चहा ठेवत आणि पुन्हा बोलवेपर्यंत विसरून जात. तिच्याकडे एकच खूण होती. ती आजाऱ्याच्या पाठीवरून तळहात फिरवायची आणि हाताला पुरळाचा दाणा लागला की सांगायची, माता आहे. ही खूण फारशी चुकत नसे.

२००६ च्या चैतात मुन्नीबाईच चुकली, तेही स्वतःच्या घरात.

तिची सून उर्वशी पहाटे बांधावरचा मोह वेचायला गेली होती. फुलं दिसावीत म्हणून झाडाखालचा पाला आधीच जाळलेला असतो, आणि जळक्या झुडपांचे खुंट तेवढे राखेत उभे राहतात. असला एक खुंट चप्पल फोडून तिच्या टाचेत शिरला. मुन्नीबाईने हळद-तेलात भिजवलेला चिंधीचा बोळा जखमेत दाबून बसवला आणि वरून पट्टी करकचून आवळली. तिच्या हातची पट्टी सुटत नाही, असं गावात म्हणत, आणि ते खरंच होतं.

दोन-तीन दिवसांनी उर्वशीला थंडी वाजून ताप भरला. उलट्या झाल्या, जुलाब झाले. अंग असं लाल झालं, की जणू चुलीपुढे दिवसभर बसवली असावी. शेजारची सुमित्राबाई डोकावून म्हणाली, "माता आये बाई. चैतच तं सुरू आहे."

मुन्नीबाईने सुनेच्या पाठीवरून हात फिरवला. दाणा नव्हता. पाठ गुळगुळीत, नुसती तापलेली. इथे तिने थांबायला हवं होतं. पण जी बाई जन्मभर एकाच वाटेने चालली, ती थकल्यावर नवी वाट शोधत नाही. ती म्हणाली, "दाणा अंदरच राह्यला. थो बाहेर येऊ द्या."

मग दाराला डहाळी लागली. चूल सोवळी झाली. दुपारी उर्वशी कण्हत म्हणाली, "माय, पट्टी सोडा ना. पाय धुवून द्या थोडासा."

"मातेत पाणी लावत नाहीत बेटा. दाणा फुटू दे, मंग माझ्या हातानं धुवून देईन."

संध्याकाळी तिने पुन्हा तेच मागितलं. मुन्नीबाईने पुन्हा तेच सांगितलं, आणि तळव्याला वरूनच पदराने वारा घातला.

मुलगा खुमेंद्र सालेकसा ते आमगाव जीप चालवायचा. तो म्हणाला, "माय, दवाखान्यात नेऊन आणतो ना."

"मातेले हलवत नाहीत. कोपली तं कोण पाहील?"

त्याने किल्ली परत खिळ्याला अडकवली. जो माणूस खच्चून भरलेल्या जीपमध्ये आणखी दोघांना कोंबायला घाबरत नाही, तो आईपुढे असा गप्प बसतो. दुसऱ्या दिवशी मात्र उर्वशीने त्याला ओळखलं नाही. सकाळपासून तिला लघवी नव्हती, ओठ फाटले होते, हातपाय गार पडले होते. खुमेंद्रने कुणालाही न विचारता तिला उचललं. मुन्नीबाई निंबाची डहाळी घेऊन मागून जीपमध्ये चढली आणि गोंदियापर्यंत ती हलवत राहिली.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी अंगावरची लाली पाहिली, रक्तदाब मोजला आणि विचारलं, "हिला कुठं लागलं होतं का?"

"पायाले थोडसंक," मुन्नीबाई म्हणाली. "थे तं बरं झालं."

पट्टी कापली. जखम एवढीशी होती, धड सुजलेलीही नव्हती. नर्सने चिमट्याने बोळा ओढला. पिवळा, ओलसर बोळा ट्रेमध्ये पडला आणि त्याच्यामागून थोडा पू आला. मग नर्सने ती जखम भरपूर पाण्याने धुतली. मुन्नीबाई भिंतीला टेकून त्या पाण्याकडे पाहत राहिली.

सलाइनवर सलाइन गेलं, इंजेक्शनं गेली. वाचेल की नाही, हे दोन दिवस कुणी सांगेना. मुन्नीबाई बाकावर बसून होती. बसायची तिला सवय होती, पण या बसण्याने ती खचून गेली. दाब एकदाचा सावरला, तेव्हा डॉक्टरीणबाई तिच्या शेजारी येऊन टेकल्या. त्याही थकल्या होत्या.

"जंतू पायातच होते, मावशी," त्या म्हणाल्या. "रक्तात गेलं ते त्यांचं विष. आपल्या रक्तात टी पेशी असतात, पहारेकरीच समजा. प्रत्येकाला आपापला एखादाच चोर ओळखू येतो. त्यामुळे एरवी हजारोंतले मोजके उठतात, बाकीचे निजलेले असतात. हे विष चोर कोणता ते कळूच देत नाही, दिसेल त्या पहारेकऱ्याला धरून उठवतं. कधीकधी तर दर पाचांतला एक उठतो. मग सगळे मिळून ओरडतात. त्या ओरडण्यानंच ताप चढतो, रक्तातलं पाणी नसांबाहेर झिरपतं, दाब पडतो. चोर राहतो बाजूला."

मुन्नीबाई म्हणाली, "आमच्या गावात असंच झालतं. सांजच्या पारी कोणी तरी बोंबललं, डुकरं आले म्हणून. सारा गाव काठ्या, डबे घेऊन धानात घुसला. सकाळी पाह्यलं तं डुकराचा एक खूर नाही. आमच्याच लोकायनं धान तुडवून ठेवलं."

"अगदी तसंच."

"अन् पट्टी सोडली असती तं? थे बोंबलणं थांबलं असतं?"

डॉक्टरीणबाई खोटं बोलल्या असत्या तरी चाललं असतं. पण त्या म्हणाल्या, "वेळेत सोडून धुतली असती, तर इतकं वाढलं नसतं."

उर्वशी वाचली. घरी आली तेव्हा काठीएवढी झाली होती, आणि तळहातांची, तळव्यांची साल पापुद्र्यांनी निघत होती. ती पाहून बायका हरखल्या. मातेच्या खपल्या पडल्या की तिला दहीभात दाखवून वाटेला लावतात, म्हणून सुमित्राबाई ताट घेऊनच आली. "पाहा बाई, साल निघून राह्यली. मातेनंच सोडलं तिले. मुन्नीबाईनं पाळलं म्हणून वाचली पोरगी."

"माता नोहती," मुन्नीबाई म्हणाली.

कुणी ऐकलं नाही. दहीभाताचं ताट उंबऱ्याशी ठेवून, हात जोडून त्या निघून गेल्या. मुन्नीबाईत त्यांना थांबवून भांडायचंही त्राण नव्हतं.

अंगणात खाटेवर उर्वशी बसली होती. मुन्नीबाईने पातेल्याएवढा गंज भरून पाणी कोमट केलं, आणलं आणि सुनेच्या पायाशी खाली बसली. बसताना गुडघे कुरकुरले. "आण पाय," ती म्हणाली. "धुवून देईन म्हटलं होतं तुले."

उर्वशीने पाय मागे घेतला, लुगड्याखाली.

"राहू द्या माय. मी धुते."

आवाजात राग नव्हता. असता तर मुन्नीबाईला सोसला असता. उर्वशी सावकाश खाली उतरली, वाकली आणि एका हाताने खाटेचा पाय धरून दुसऱ्या हाताने पाणी घेत राहिली. टाचेवरची कोवळी, गुलाबी कातडी तिने हळूहळू, पुन्हा पुन्हा धुतली. मुन्नीबाईने तिच्यासाठी गंज तिरका करून धरला, पाणी संपेपर्यंत.