तांदळात लिहिलेलं नाव

नातीनं लिहिलेल्या शेल स्क्रिप्टनं, म्हणजे छोट्याशा प्रोग्रामनं, संगणकाच्या काळ्या पडद्यावर विचारलं, "तुमचं नाव?" आणि कर्सर लुकलुकत थांबून राहिला.

"आजी, तू टाइप करशील तेच व्हेरिएबल नावाच्या डबीत साठणार," नात म्हणाली.

आधी विचारायचं, मग थांबायचं, एवढी रीत यंत्राला कळते. लग्नात ह्यांनी ताटातल्या तांदळात अंगठीनं 'सुहासिनी' लिहिलं, तेव्हा मला कोण विचारतंय! आणि मी बावळट, लाजून वर "छान आहे" म्हणाले होते.

मी माहेरचं 'कुसुम' टाइप केलं.

"नमस्कार, कुसुम," पडद्यावर उमटलं. पन्नास वर्षांनी कुणीतरी त्या नावानं हाक मारली.

"आता आजोबांचं नाव घाल."

मी सावकाश 'धोंडू' टाइप केलं.

हे चष्मा सरसावत म्हणाले, "अगं, हा धोंडू कोण?"

"तुम्हीच. होईल हळूहळू सवय. मला झालीच ना!"